घरगुती कारणास्तव

कोणत्याही कचेरीच्या आस्थापना शाखेत जाऊन गेल्या वर्षातील रजेच्या अर्जांची फाईल चाळली, तर त्यांतील बहुसंख्य अर्जांवर कारणाच्या रकान्यात ‘घरगुती कारणास्तव’ एवढेच लिहिलेले आढळेल. भाच्याचे लग्न, गावची जत्रा, वाटणीच्या दाव्याची तारीख, घराची डागडुजी ही सर्व कारणे त्या रकान्यात एकाच रूपाने येतात. आणि अर्धांगवायूने अंथरुणास खिळलेल्या वडिलांना दर दोन तासांनी कूस बदलून देणारा मुलगा, स्मृती हरपत चाललेल्या सासूला दाराची कडी काढून रस्त्यावर जाऊ न देण्यासाठी घरी थांबलेली सून, किंवा मेंदूच्या पक्षाघाताने जन्मापासून अपंग असलेल्या मुलाला व्यायामोपचारासाठी कडेवर घेऊन निघालेली आई, यांचे अर्जही त्याच रूपाने येतात. रजा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यास हा भेद कळत नाही, आणि पुष्कळदा तो कळू नये अशीच अर्जदाराची इच्छा असते. कारण घरात दीर्घ दुखणे आहे ही गोष्ट एकदा वरिष्ठांच्या कानी गेली की जबाबदारीचे काम आपल्याकडून हळूहळू काढून घेतले जाईल, बढतीच्या यादीत आपले नाव मागे पडेल आणि गोपनीय अहवालात ‘कामात लक्ष नसते’ असा शेरा बसेल, ही भीती त्याच्या मनात असते व ती सर्वस्वी निराधार असते असे म्हणता येत नाही.

पुण्यातील मानसिक आजारांच्या आणि कंपवाताच्या रुग्णांसाठी चालणाऱ्या स्वमदत गटांत रुग्णाची देखभाल करणाऱ्या आप्तास ‘शुभंकर’ म्हणण्याचा शिरस्ता पडला आहे, आणि या लेखात मीही तोच शब्द वापरणार आहे. शुभंकर म्हणजे वेतन घेऊन काम करणारी परिचारिका अथवा आया नव्हे. तो मुलगा, सून, पत्नी, पती, बहीण किंवा आई असतो, आणि त्यास या कामाचा मोबदला कोणी देत नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६च्या केंद्रीय अधिनियमाने अशा देखभालकर्त्याची व्याख्या केली आहे व तीत वेतन घेणाऱ्याबरोबर न घेणाऱ्याचाही समावेश आहे. परंतु ज्या कार्यालयात तो दिवसाचे आठ-नऊ तास असतो, त्या कार्यालयाच्या दप्तरात त्याची ही दुसरी नोकरी कोठेही नोंदलेली नसते.

ही दुसरी नोकरी किती जणांस आहे याचा काही अंदाज केंद्र सरकारच्या २०२४च्या कालविनियोग सर्वेक्षणावरून येतो. १५ ते ५९ वर्षे या कमावत्या वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया आणि २१.४ टक्के पुरुष आपल्या कुटुंबातील मुलांची, वृद्धांची वा आजाऱ्यांची विनामूल्य देखभाल करतात, आणि जे करतात त्यांपैकी स्त्रियांची दिवसाची सरासरी १४० मिनिटे तर पुरुषांची ७४ मिनिटे त्यात जातात. स्वयंपाक, धुणेभांडी, केरवारे ही घरकामे याहून निराळी मोजली आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचे खरे वजन कळते. शिवाय हे ओझे वाढत जाणारे आहे. २०११च्या जनगणनेत साठी उलटलेल्यांची संख्या दहा कोटींच्या थोडी वर होती. २०३६ पर्यंत ती तेवीस कोटींच्या घरात जाईल असा सरकारी तज्ज्ञगटाचा अदमास आहे. ज्या कुटुंबांत एकेकाळी चार भावांचे संसार एका छपराखाली होते आणि आजारपण निघाले तर रात्री कोणी जागायचे याची पाळी लावता येत होती, त्या कुटुंबांत आता एकच मुलगा किंवा एकच मुलगी आहे, तीही नोकरीला आहे, आणि आईवडील बहुधा दुसऱ्या गावी आहेत.

मालकवर्गाच्या मनात शुभंकराविषयी जी काही कल्पना असते ती बहुधा बाळंतपणावरून बांधलेली असते, आणि माझ्या समजुतीप्रमाणे पुष्कळशा चांगल्या हेतूच्या योजना येथेच फसतात. बाळंतपणाची तारीख आधी ठाऊक असते, त्याची मुदत ठरलेली असते, आणि मूल दिवसेंदिवस मोठे व स्वावलंबी होत जाते. आजारपणाचे तसे नाही. किंबहुना ‘आजारपण’ या एका नावाखाली जी निरनिराळी दुखणी मोडतात, त्यांतील प्रत्येक दुखणे शुभंकराकडून निराळ्या प्रकारचा वेळ मागते.

मूत्रपिंडे निकामी झालेल्या पत्नीस डायलिसिससाठी नेणाऱ्या कारकुनाचे उदाहरण घ्या. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, प्रत्येक वेळी सुमारे चार तास यंत्रावर, शिवाय जाण्यायेण्याचा आणि उपचारानंतरच्या ग्लानीत तिच्यापाशी बसण्याचा वेळ, असे त्याचे ठरलेले वेळापत्रक असते व ते अनेक वर्षे तसेच राहते. या माणसाला महिनाभराची अखंड रजा देऊन काहीही उपयोग नाही. त्याला मंगळवार आणि शुक्रवार या दोन दिवशी दुपारी दोन वाजता निघण्याची कायमची मुभा हवी असते, आणि ते तास तो इतर दिवशी भरून देण्यास आनंदाने तयार असतो. याच्या अगदी उलट स्थिती ज्याच्या वडिलांना पहाटे पक्षाघाताचा झटका आला त्याची. त्याला आज, या क्षणी निघावयाचे असते. त्यानंतर दोन-तीन आठवडे अतिदक्षता विभागाच्या बाहेरील बाकड्यावर काढावयाचे असतात, मग घरी खाट, पाण्याची गादी, शौचाचे भांडे, दिवसाची आया, रात्रीचा वॉर्डबॉय अशी सर्व जुळवाजुळव करावयाची असते. आणि ती घडी एकदा बसली म्हणजे तो कामावर परतू शकतो, पण मधूनमधून आया आली नाही असा सकाळी सात वाजता फोन येणार हे धरून.

तिसरा प्रकार स्मृतिभ्रंशाचा. येथे आरंभाची तारीख नाही आणि शेवटाचीही नाही. पहिली दोन वर्षे वडील तेच तेच विचारतात एवढेच जाणवते, नंतर ते वाट चुकतात, नंतर गॅस चालू ठेवतात, आणि पुढे तर रात्रंदिवसाचे भान सुटून रात्री दोन वाजता कचेरीत जावयाचे म्हणून कपडे घालून बसतात. त्यांच्याबरोबर जागलेली मुलगी सकाळी नऊ वाजता आपल्या टेबलाशी हजर असते, हजेरीपटावर तिची सही असते, आणि तरीही ती तेथे नसते. तिला रजेपेक्षा अधिक गरज असते ती कामाच्या वेळा सैल असण्याची, काही दिवस घरून काम करता येण्याची, आणि आपली अडचण ज्याला एकदा सांगितली की पुन्हा पुन्हा सांगावी लागणार नाही अशा एका वरिष्ठाची. चौथा प्रकार मानसिक आजारांचा, ज्यांत महिनोन्‌महिने सर्व ठीक असते आणि मग एखाद्या आठवड्यात सर्व विस्कटते. येथे शुभंकराला कारण सांगण्याचीच चोरी असते, कारण समाजात या आजारांभोवती जी कुजबुज आहे तीतून कचेरीही सुटलेली नाही. आणि पाचवा, अपंग किंवा स्वमग्न मुलाच्या आईबापांचा, ज्यांच्या दृष्टीने अठरा वर्षे हा आकडा निरर्थक असतो. मूल तीस वर्षांचे झाले तरी त्याला दात घासून द्यावे लागतात, आणि शाळा संपल्यावर दिवसभर त्याला कोठे ठेवायचे हा प्रश्न शाळेत होते तेव्हापेक्षा बिकट होतो.

एवढा विस्तार एवढ्यासाठी केला की ‘आमच्याकडे वर्षाला अमुक इतक्या रजा आहेत, त्या घ्याव्यात’ हे उत्तर या पाचांपैकी एकालाही पुरे पडत नाही. महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांविषयीचा २०१७चा कायदा ठराविक संख्येइतके वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत वर्षास आठ दिवसांची पगारी किरकोळ रजा देतो आणि वर्षात २४० दिवस काम केलेल्यास दर वीस दिवसांमागे एक दिवस हक्काची रजा देतो. डायलिसिसच्या त्या कारकुनाने आठवड्यातून दोनदा अर्धा अर्धा दिवस घेतला, तर त्याची किरकोळ रजा दोन महिन्यांत संपते. कर्मचारी राज्य विमा योजनेत कामगार स्वतः आजारी पडल्यास त्याला वर्षास ९१ दिवसांपर्यंत रोख आजारपण भत्ता मिळतो, त्याच्या कुटुंबियांस औषधोपचारही मिळतो. परंतु त्याची आई आजारी पडली आणि तो तिच्या उशाशी बसला, तर त्या बसण्याच्या दिवसांचा भत्ता त्या योजनेत नाही.

कायद्याने मालकावर काहीच बंधन घातले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कारखाने अधिनियमाने १९४८ सालीच पन्नासहून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यांत पाळणाघर असावे असे ठरवले. २०१७च्या दुरुस्तीने प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे केली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी टाकली. केंद्र सरकारच्या स्त्री-कर्मचाऱ्यांस २००८पासून दोन मुलांच्या संगोपनासाठी एकंदर ७३० दिवसांची रजा मिळते व ती पुढे एकल पुरुष पालकांसही देण्यात आली. महाराष्ट्र शासनानेही २०१८मध्ये १८० दिवसांची बालसंगोपन रजा सुरू केली. अपंग आप्ताची देखभाल करणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यास नेहमीच्या फिरत्या बदल्यांतून सूट मिळावी, असा हुकूमही आहे. तो प्रथम अपंग मुलांच्या पालकांपुरता होता आणि २०१८मध्ये आईवडील, पती-पत्नी, भाऊ-बहीण यांच्यासाठी व्यापक करण्यात आला. ज्या कोणी हा हुकूम काढविला त्याला शुभंकराचे आयुष्य आतून ठाऊक असले पाहिजे, कारण ज्या गावात एकदा चांगला व्यायामोपचारक, समजूतदार डॉक्टर आणि विश्वासाची आया मिळाली ते गाव सोडावे लागणे हे त्याच्या दृष्टीने केवढे मोठे संकट असते, हे बाहेरून सहसा ध्यानात येत नाही.

२२ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हिमाचल प्रदेशातील एका सरकारी महाविद्यालयाच्या सहायक प्राध्यापिकेच्या प्रकरणात जे सांगितले ते या सर्वांहून महत्त्वाचे आहे. तिच्या मुलाला हाडे ठिसूळ होणारा दुर्मिळ जन्मजात आजार होता, त्याच्यावर वारंवार शस्त्रक्रिया होत होत्या, तिची सर्व रजा संपली होती, आणि केंद्राच्या नियमांतील संगोपन रजेची तरतूद राज्याने स्वीकारलेली नसल्यामुळे तिचा अर्ज नाकारला गेला होता. न्यायालयाने असे म्हटले की स्त्रियांचा नोकरीतील सहभाग ही कोणी दिलेली सवलत नसून तो घटनेने दिलेला हक्क आहे, आणि आदर्श मालक म्हणून वागण्याचे ज्याचे कर्तव्य आहे त्या राज्यसंस्थेला या हक्काकडे डोळेझाक करता येणार नाही. अशी रजा नाकारल्याने आईला नोकरी सोडणे भाग पडू शकते. मला या निकालाचे विशेष मोल वाटते ते यासाठी, की एका आईच्या घरच्या अडचणीला न्यायालयाने मालकाच्या कर्तव्याच्या प्रांतात आणून बसविले.

तथापि या सर्व तरतुदी एकत्र मांडून पाहिल्या तर त्यांचा रोख मुलांकडे आणि सरकारी नोकरांकडे आहे असे दिसते. खासगी नोकरीत असलेल्या माणसाला वृद्ध वा आजारी आईवडिलांच्या शुश्रूषेसाठी स्वतंत्र सवेतन रजेचा हक्क देणारा सर्वसाधारण कायदा आपल्या देशात नाही. उलट आईवडिलांचे पोषण करण्याची जबाबदारी मात्र कायद्याने मुलांवर घातलेली आहे. २००७च्या ज्येष्ठ नागरिकविषयक अधिनियमाने न्यायाधिकरण नेमले, पोटगीची तरतूद केली, आईवडिलांना टाकून देणाऱ्यास कैदेची शिक्षा ठेवली. आसामने २०१७मध्ये त्याही पुढे जाऊन आईवडिलांची हेळसांड करणाऱ्या सरकारी नोकराच्या पगारातून १० ते १५ टक्के रक्कम कापून पालकांस देण्याचा कायदा केला. आपल्या लातूर जिल्हा परिषदेने २०२०च्या अखेरीस ३० टक्के कपातीचा निर्णय घेतला. या निर्णयांमागील कळकळ खरी आहे, आणि टाकलेल्या आईवडिलांची दैना ज्याने पाहिली आहे तो त्यांना नावे ठेवणार नाही. पण अंथरुणावरील आईला पैशाइतकीच माणसाची गरज असते, आणि माणूस तर सकाळी आठ ते रात्री आठ नोकरीत असतो. ज्या मुलाला आईला टाकावयाचे नाही, जो तिच्यापाशी राहू इच्छितो, त्याला तसे राहता यावे म्हणून मालकाने काय करावे याविषयी हे कायदे मौन धारण करतात. याच आसामने २०२४च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना आईवडिलांसमवेत किंवा सासूसासऱ्यांसमवेत घालविण्यासाठी दोन दिवसांची विशेष रजा दिली, ही गोष्ट मला पगारकपातीच्या कायद्यापेक्षा अधिक शहाणपणाची वाटते. दोन दिवस थोडे असले तरी त्यांत वेळ हीच देण्याची वस्तू आहे हे ओळखले गेले आहे.

येथे कोणी म्हणेल की कायदा नसला म्हणून काय झाले, आमच्याकडे साहेब चांगले आहेत, माणुसकी जाणतात, कोणाच्या घरी दुखणे निघाले तर कधी नाही म्हणत नाहीत. असे साहेब आहेत, आणि या देशातील असंख्य कुटुंबांची आजारपणे त्यांच्या चांगुलपणावर निभावली आहेत, याबद्दल कृतज्ञ राहिलेच पाहिजे. तरीही मालकाने शुभंकरासाठी सर्वांत आधी जर काही करावयाचे असेल, तर ते आपल्या चांगुलपणाचे नियमात रूपांतर, असे माझे ठाम मत आहे. मेहेरबानीला तीन दोष चिकटलेले असतात व ते मेहेरबानी करणाऱ्याच्या सद्‌हेतूने नाहीसे होत नाहीत. ती साहेबांबरोबर बदलून जाते. ज्याने वर्षभर दुपारी दोनला सोडले तो निवृत्त झाला की नव्या साहेबापुढे सारी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते. ती मागणाऱ्याच्या जिभेवर अवलंबून असते. जो बोलका आहे, साहेबांच्या ओळखीतला आहे, त्याला ती मिळते, आणि पुरवठा विभागातील अबोल शिपाई किंवा कंत्राटदाराकडून आलेला सफाई कामगार मुकाट्याने बिनपगारी दिवस सोसतो. आणि ती मनावर ऋण ठेवते; ज्याने उपकार घेतले त्याला पुढे आपला न्याय्य हक्क मागतानाही संकोच वाटतो, बढती डावलली गेली तरी तो तोंड उघडत नाही. लेखी नियमाला हे तिन्ही दोष नाहीत. तो साहेबांच्या बदलीने बदलत नाही, अबोलालाही लागू पडतो, आणि त्याचा लाभ घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही.

परदेशांतील ज्या व्यवस्था मला अभ्यासण्याजोग्या वाटतात त्यांत जपानची पहिली. तेथे आप्ताच्या देखभालीसाठी दरवर्षी सुमारे एक लाख माणसे नोकरी सोडतात व हा तेथे राष्ट्रीय चिंतेचा विषय झाला आहे. तेथील कायद्याप्रमाणे प्रत्येक आजारी आप्तामागे ९३ दिवसांची रजा मिळते, ती तीन भागांत विभागून घेता येते, आणि त्या काळात रोजगार विम्यातून वेतनाच्या ६७ टक्के रक्कम मिळते. शिवाय वर्षास पाच दिवस, आणि आप्त दोन वा अधिक असल्यास दहा दिवस, तासातासाने घेता येणारी निराळी रजा आहे. ९३ दिवसांत कोणाचे वार्धक्य संपत नाही, हे जपानी सरकारलाही कळते. त्यांचे म्हणणे असे की ती रजा शुश्रूषा स्वतः करीत बसण्यासाठी नसून पुढील दीर्घ काळाची व्यवस्था लावण्यासाठी आहे. एप्रिल २०२५पासून त्यांनी यात एक फार दूरदृष्टीची भर घातली. कर्मचारी चाळिशीच्या सुमारास आला की त्याला या सर्व तरतुदींची माहिती मालकाने आपण होऊन द्यावी, आणि घरी देखभालीचा प्रसंग आल्याचे त्याने कळविताच त्याच्याशी स्वतंत्रपणे बोलून त्याचा विचार जाणून घ्यावा, असे बंधन घातले. संकट येण्यापूर्वी माहिती देण्याचे महत्त्व ज्याने इस्पितळाच्या बाकड्यावर बसून रजेचे नियम फोनवर विचारले आहेत त्याला सांगावे लागणार नाही.

ब्रिटनमध्ये ६ एप्रिल २०२४पासून शुभंकराला वर्षास एक आठवड्याची रजा हक्काने मिळते. ती बिनपगारी आहे, ही तिची मोठी उणीव. परंतु ती नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लागू होते, अर्ध्या अर्ध्या दिवसानेही घेता येते, तिच्यासाठी कसलाही दाखला मागता येत नाही, आणि मालकाला ती महिनाभर पुढे ढकलता आली तरी नाकारता येत नाही. जर्मनीत आप्ताच्या देखभालीची अचानक वेळ आल्यास वर्षास दहा दिवसांपर्यंत कामावरून दूर राहता येते व बुडालेल्या वेतनाचा बराच मोठा भाग देखभाल विम्यातून मिळतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९८१ सालीच कौटुंबिक जबाबदाऱ्या असलेल्या कामगारांविषयी १५६ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्यास अद्याप मान्यता दिलेली नाही.

आपल्याकडील मालकाने मात्र कायद्याची वाट पाहत बसावे असे नाही, कारण शुभंकराला लागणाऱ्या पुष्कळ गोष्टींना पैसे फार थोडे लागतात. पाळीचे वेळापत्रक आठवड्याऐवजी महिनाभर आधी लावले, तर कारखान्यातील कामगाराला डॉक्टरची वेळ त्याप्रमाणे घेता येते. दोन कामगारांना आपसांत पाळी बदलून घेण्याची मुभा व ती नोंदविण्याची साधी वही ठेवली, तर मुकादमाच्या विनवण्या कराव्या लागत नाहीत. जेथे यंत्रापाशी मोबाईल नेण्यास बंदी आहे तेथे सुरक्षेसाठी ती असू द्यावी, पण पर्यवेक्षकाच्या टेबलावर एक क्रमांक असावा आणि घरून निरोप आला तर तो पाच मिनिटांत कामगारापर्यंत पोहोचेल याची हमी असावी; दिवसभर घरी काय चालले असेल या विवंचनेत यंत्र चालविणाऱ्या माणसाला त्या हमीने केवढा धीर येतो हे प्रत्येक मालकाने एकदा आपल्या कामगारांस विचारून पाहावे. किरकोळ रजा अर्ध्या दिवसाऐवजी तासावर मोजण्यास हिशेबनिसाला थोडा त्रास पडेल, परंतु आजच्या संगणकीय हजेरीच्या काळात तो नाममात्र आहे. आजाऱ्याच्या शुश्रूषेसाठी वर्षास पाच-सात दिवसांची पगारी, निराळ्या नावाची रजा, आणि त्यापुढे नोकरी शाबूत ठेवून दोन-तीन महिन्यांची बिनपगारी किंवा अर्धवेतनी रजा, एवढी तजवीज मध्यम आकाराच्या आस्थापनेस परवडू नये असे मला वाटत नाही. त्या रजेचे नाव निराळे असावे हा आग्रह मी मुद्दाम धरतो, कारण नाव निराळे असले म्हणजे किती जणांना तिची गरज पडते याची गणती आपोआप होते. ‘कुटुंबीय’ कोणास म्हणावे याबाबतही नियमाने हात आखडू नये. अविवाहित आत्या, विधुर सासरे, ज्याने लहानाचे मोठे केले तो मामा, यांचे आपल्या घरांतील स्थान व्याख्येपेक्षा मोठे असते.

मग त्या माणसाचे काम कोण करणार, हा मालकाचा प्रश्न रास्त आहे आणि त्यास बगल देता येणार नाही. जेथे चारच माणसे आहेत त्या दुकानातील एक माणूस महिनाभर गेला तर उरलेल्या तिघांवर बोजा पडतो, आणि त्यांचा रोष शुभंकरावर ओढवतो. मुंबईच्या कापडगिरण्यांत हा प्रश्न फार पूर्वी उभा राहिला होता. कोकणात आईबाप, शेती आणि बायकामुले ठेवून आलेला गिरणीकामगार घरच्या निकडीने गावी गेला की त्याच्या मागावर बदली कामगार उभा राही, आणि १९३५मध्ये गिरणीमालकांच्या संघाने या बदली पद्धतीचे रीतसर नियमनही केले. ती पद्धत बदली कामगाराला फार जाचक होती, कारण दररोज सकाळी दारापाशी उभे राहून काम मिळेल की नाही याची त्याला शाश्वती नसे. आणि गिरणगावातील कामगारांच्या म्हाताऱ्या आईबापांचे दुखणेबहाणे गावी राहिलेल्या स्त्रियांनी काढले, त्याची झळ गिरणीला कधी लागली नाही. तथापि कोणी ना कोणी गैरहजर राहणारच हे धरून मनुष्यबळ आखले पाहिजे, एवढे तत्त्व त्यातून घेण्यासारखे आहे. सरकारी खात्यांत ‘रजा राखीव’ पदे असतात ती याच तत्त्वावर. खासगी आस्थापनांनी एकमेकांचे काम निदान दोघांना येईल असे शिकवून ठेवले, निवृत्त झालेल्या आपल्याच अनुभवी माणसांची एक यादी तात्पुरत्या कामासाठी बाळगली, आणि बदली आलेल्याला पूर्ण पगार व ठराविक मुदत लेखी दिली, तर ही अडचण बरीच सुसह्य होते. सहकाऱ्यांनी आपली शिल्लक रजा अडचणीतील माणसास देण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. अमेरिकेच्या केंद्रीय नोकरांसाठी तर १९८८पासून तसा कायदाच आहे. तिच्यातील सहृदयता मला आवडते, पण मालकाचे कर्तव्य सहकाऱ्यांच्या दातृत्वावर सोडून देण्याचे ते निमित्त होऊ नये. आणि जो माणूस वीस वर्षांच्या अनुभवानिशी राजीनामा देऊन जातो त्याच्या जागी नवा शोधून, शिकवून तयार करण्यास काय लागते याचा हिशेब मालकाने एकदा मांडला, तर दोन महिन्यांची रजा त्याला महाग वाटणार नाही.

या सर्व सवलती स्त्रियांपुरत्या ठेवण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळला पाहिजे. रजा फक्त स्त्रियांना दिली की मालक स्त्रियांना नोकरीवर घेण्यास कचरतो, आणि घरात नवरा म्हणतो की तुला रजा मिळते तर तूच राहा. अशा रीतीने स्त्रियांच्या सोयीसाठी केलेला नियम स्त्रियांनाच घरी बसवितो. वडिलांच्या शौचाचे भांडे उचलणारा मुलगा आज अनेक घरांत आहे, पण कचेरीत तो ते सांगत नाही. वरिष्ठ पुरुष अधिकाऱ्याने स्वतः ही रजा उघडपणे घेतली, तर नियमाच्या दहा परिपत्रकांनी जे होणार नाही ते होईल. दुसरी गोष्ट पर्यवेक्षकांची. नियम मुख्यालयात होतात, पण शुभंकराची गाठ पडते ती थेट वरच्या माणसाशी, आणि त्याला जर उत्पादनाच्या आकड्याखेरीज दुसरे काही विचारले जात नसेल तर तो रजेच्या अर्जावर कपाळाला आठ्या घालणारच. आपल्या हाताखालील माणसाने रजा घेतल्यामुळे कामाचा आकडा घटला तर तो त्या पर्यवेक्षकाच्या कसुरीत धरला जाणार नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहून दिले पाहिजे.

आणि एक मालकवर्ग असा आहे ज्याला आपण मालक आहोत याची जाणीवच नसते. हा लेख वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी धुणेभांड्यांची बाई, स्वयंपाकाच्या काकू, म्हाताऱ्या वडिलांसाठी ठेवलेल्या दिवसपाळीच्या मावशी येत असतील. आपण कचेरीत निश्चिंत बसू शकतो ते त्या मावशी बाराबारा तास आपल्या वडिलांपाशी बसतात म्हणून. आणि त्यांच्या स्वतःच्या घरी, दहा बाय दहाच्या खोलीत, त्यांची आई बहुधा शेजारणीच्या भरवशावर पडलेली असते. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८मध्ये कल्याण मंडळाचा अधिनियम झाला, पण त्यांच्या दररोजच्या रजेचा प्रश्न शेवटी आपल्याच स्वयंपाकघरात सुटावयाचा आहे. आपल्या साहेबांकडून ज्या नियमाची आपण अपेक्षा करतो तोच येथे आपल्याला घालून द्यावयाचा आहे: महिन्याच्या सुट्या किती, सणाच्या निराळ्या किती, घरी दुखणे निघाल्यास पगार न कापता किती दिवस जाता येईल, आणि त्याहून अधिक दिवस लागले तर परत आल्यावर काम कायम राहील की नाही. हे मावशी कामावर येतील त्या पहिल्याच दिवशी बोलून, एका कागदावर लिहून, त्याची एक प्रत त्यांच्या हाती द्यावी. आणि त्या दिवसांपुरती बदली म्हणून कोण येईल, तिचा रोज किती, हे त्यांना पाठविणाऱ्या ब्यूरोला तेव्हाच विचारून ठेवावे.